खाणीच्या तोंडाशी एक दगड

१ ऑक्टोबर, वैशाखरे

अखेर पोहोचले. मुरबाडच्या कार्यालयात हजर झाले, चार ठिकाणी सह्या ठोकल्या आणि दुपारच्या एसटीने वैशाखऱ्याला आले. सोबत दोन बॅगा, एक कुकर आणि आईने बळंच दिलेल्या कुरडया. कोपरगावला बसून आईला वाटतं की मी घनदाट जंगलात चाललेय. समोर दिवसभर माळशेजच्या गाड्या धावतात, वडापावच्या तीन गाड्या आहेत, मोबाइलला घरच्यापेक्षा बरी रेंज आहे. हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग एवढ्या गोंगाटात झोप कशी लागणार. तिची काळजी ठरलेलीच आहे, कारण तेवढं बदलतं.

खोली सकुबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला. एक दार, एक खिडकी, मातीच्या भिंती, वर कौलं. सकुबाई साठीच्या आहेत, मुलगा कल्याणला असतो, भातशेती स्वतः बघतात. बोलणं मोजकं, वाढणं सढळ. पहिल्याच जेवणाला नाचणीची भाकरी आणि सुकट. मी सुकट खाते हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मी, योगिनी, सरकारी कनिष्ठ अभियंता झाले. आज मी फार खूश आहे. पुढे कुरकुर करायला लागले की हे पान वाचावं म्हणून लिहून ठेवते.

३ ऑक्टोबर

माझं काम काय आहे ते आईला तीनदा सांगितलं, तरी ती शेजारणीला 'खड्डे बुजवते' असंच सांगते. तसं ते खोटंही नाही.

इथून दोनेक किलोमीटरवर रस्त्याच्या पोटात जुनी खाण आहे. साठेक वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीने कपबशांसाठी पांढरी माती काढली, आडवी भुयारं खणली आणि एक दिवस गाशा गुंडाळला. नकाशा कोणी जपला नाही. पुढे रस्ता रुंद झाला तो नेमका त्या भुयारांवरून. गेल्या जुलैत एका टेंपोचं मागचं चाक डांबरातून थेट आत गेलं. माणसं वाचली, पण तेव्हापासून रस्त्याची एक बाजू पिंपं लावून बंद आहे.

आता रस्त्यावरून खाली नऊ छिद्रं पाडायची, त्यातून कॅमेरा सोडून पोकळी कुठे आणि केवढी ते बघायचं, आणि मग पातळ सिमेंट ओतून ती भरायची. ठेकेदाराचा मुकादम अनिल शहापूरचा आहे. तो त्या सिमेंटला लापशी म्हणतो. लापशी वाढायची आणि पुढच्या पंगतीला जायचं, असं त्याचं धोरण. माझं धोरण वेगळं आहे. दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही मी ताक फुंकून पिते. कुठे किती धोका, कोणाला धोका, आधी काय तपासायचं, याचा चौदा पानी आराखडा केलाय. लाल, पिवळा, हिरवा. अनिल म्हणाला, मॅडम, तुमी एवढं लिवता त खाण घाबरूनच भरल.

९ ऑक्टोबर

सकाळी पाणी भरायला आणि झाडलोट करायला वरच्या वाडीतून सोमी येते. माझ्याच वयाची असेल, पण चढ अशी चढते की मला धाप तिच्याकडे बघूनच लागते. नवरा लडकू शहापूरकडे गोदामात कामाला, सणालाच येतो. घरी सासू, हिराबाई. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण झालं की सोमी खर्डीला बहिणीकडे निघून जाते आणि राग उतरला की परत येते. तिच्या उजव्या हाताची करंगळी कापणीत विळ्याने कापली होती, ती आता आकड्यासारखी वाकडीच राहिली आहे.

माझ्या मळकट भिंती बघून ती म्हणाली, "मॅडम, अशा भिंतींत दिवाळी करतात का कोन? मी देते पांढऱ्या करून." मी म्हटलं, दे की. माती कुठून आणणार विचारलं तर म्हणाली, खाणीतून.

चौदा पानांत हे कुठेच नव्हतं. खाणीत माणसं जातात. रस्त्याखाली ओढ्याच्या काठाला एक तोंड उघडं आहे आणि वाडीतल्या बायका तिथून माती आणतात. पंधरावं पान लिहिलं, सगळं लाल.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज बायकांबरोबर खाणीत जाऊन आले. सोमी, तिची शेजारीण बारकी आणि आणखी चौघी.

तोंड करवंदीच्या जाळीआड आहे, वाकून शिरावं लागतं. शिरण्याआधी प्रत्येकीने ओढ्यातला एक दगड उचलून तोंडाशी ठेवला. बाहेर आलं की आपला दगड उचलून परत ओढ्यात टाकायचा. सोमीने समजावलं, "दगड राहिला त मानूस आत धरतात, मॅडम. मंग कोनी घरी जात नाय." तिच्या सासूच्या वेळी एकदा छत बसलं होतं. तोंडाशी दोन दगड होते म्हणून कळलं, आणि गावाने उकरून दोघींना जिवंत काढलं. आमच्या खात्याची आवक-जावक वही या दगडांपुढे पाणी भरेल. आराखड्यात तसंच लिहिलं: तोंडाशी दगड असल्यास आत माणूस आहे असे समजावे.

दुसरी आत असताना तिच्या दगडाला मात्र हात लावायचा नाही. ज्याने उचलला त्याच्या मागे आतली येते, असं बारकी म्हणाली. मी खिशातल्या लाल मार्करने माझ्या दगडावर 'यो' लिहिलं तेव्हा सगळ्या हसल्या.

आत गारवा होता. मातीचेच खांब सोडलेले, त्यांवर कुदळीचे जुने घाव. अगदी शेवटी एक ठेंगणी खोली, तिथली माती लोण्यासारखी मऊ. नकाशावर बघितलं तर ती माझ्या नऊ नंबरच्या छिद्राच्या बरोबर खाली येते.

घरी येऊन जेवायला बसले तेव्हा आठवलं, माझा दगड तिथेच राहिला. एकदोन दिवसांत उचलून येईन.

१६ ऑक्टोबर

नऊही छिद्रं पाडून झाली. सिमेंट मंगळवारी, बावीस तारखेला. आज वाडीत जाऊन सगळ्यांना सांगितलं की माती न्यायची ती सोमवार संध्याकाळपर्यंत न्या, मंगळवारी तोंड बंद. हिराबाई थोड्या कुरकुरल्या, मग चहा दिला. सोमी म्हणाली, आता कापणीची घाई आहे, तुमच्या भिंतींची माती सोमवारी आणते. मी म्हटलं, शेवटची माती माझ्याच नशिबात.

१९ ऑक्टोबर

साहेबांचा फोन. दिवाळीची गर्दी सुरू होईल, मंगळवार नको, सोमवारीच ओता. तुमच्यासारखी मुलगी करून दाखवेल, असंही म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. कौतुकाला मी इतकी लवकर भुलते हे मला माहीत आहे आणि तरीही भुलते.

वाडीवर निरोप द्यायचा आहे.

२० ऑक्टोबर

रविवार. कपडे धुतले, मुरबाडला जाऊन पणत्या आणल्या. वाडीचा चढ बघूनच पाय दुखायला लागले. सोमी सकाळी पाण्याला येईलच, तिलाच सांगते, ती सगळ्यांना सांगेल.

२१ ऑक्टोबर

झालं एकदाचं. एक ते आठ छिद्रांतून सिमेंट गेलं, नववं आतली हवा निघायला मोकळं ठेवलं होतं, कुठे गळती नाही, रस्ता जागचा हलला नाही. साहेबांना फोटो पाठवले, त्यांनी अंगठा पाठवला.

सकाळी सोमी आली नाही. दहा वाजता मी तोंडाशी गेले. एक दगड होता. माझाच, विसरलेला. लाल अक्षरं उन्हाने उडाली असावीत. हसू आलं. उचलून ओढ्यात टाकला. नियमाने बॅटरी घेऊन शेवटपर्यंत जाऊन बघायचं असतं, पण अनिलचा फोन वाजत होता, यंत्र चालू झालं होतं. तोंडातून एक हाक मारली आणि माणसांना वाळूच्या गोण्या रचायला सांगितल्या. कागदावर लिहिलं, 'आत जाऊन पाहणी केली, कोणी नाही', आणि सही केली.

फार दमलेय. पण छान दमलेय.

२२ ऑक्टोबर

नऊ नंबरच्या खाली सिमेंट पोहोचलंच नाही. मध्ये कुठेतरी माती बसलेली असणार. ती खोली तशीच पोकळ आहे. अनिल म्हणतो दिवाळीनंतर भरू. छिद्रातल्या लोखंडी नळीवर लोखंडी झाकण बसवलंय.

रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभे राहणारे वाल्मिककाका म्हणाले, दुपारी बाराला झाकणाखालून ठकठक ऐकू आली. मी सांगितलं, सिमेंट घट्ट होताना तापतं, आवाज होतो. मी जरा शिक्षिकेच्या सुरातच सांगितलं.

सोमी आजही नाही. भांडून खर्डीला गेली, असं हिराबाईंनी सांगितल्याचं सकुबाई म्हणाल्या.

२३ ऑक्टोबर

आज मी स्वतः ऐकलं. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. तीन ठोके, मग शांतता, मग पुन्हा तीन. वाल्मिककाका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, सिमेंटच.

सिमेंट मोजून वाजत नाही. पण असं काही लिहायला नको. दमणूक आहे.

२४ ऑक्टोबर

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना सकुबाईंनी कट्ट्यावरून एक दगड उचलून माझ्या हातात दिला. "ह्यो तुमचा, मॅडम. सोमीनी आनलेला दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. तुमी इसरल्या म्हनून माघारी गेलती बिचारी. तुमची खोली बंद व्हती, मंग मी हितं ठेवला न् इसरले." 

लाल अक्षरं. 'यो'. जशीच्या तशी.

म्हणजे तेरा तारखेपासून तो इथे आहे. मग सोमवारी मी ओढ्यात टाकला तो कोणाचा. माझ्या भिंतींची माती सोमवारी आणते म्हणाली होती. मंगळवार सांगितला होता मी. बदललेला दिवस सांगायला गेले नाही.

नाही. ती खर्डीला गेली आहे. हिराबाई म्हणाल्या ना.

२५ ऑक्टोबर

नऊ नंबरच्या झाकणाशी साडेअकरापासून बसले होते. ठोके आले. मंद. तीन, मग दोन. मी पान्याने झाकणावर तीन ठोके दिले. खालून लगेच उत्तर आलं. पुष्कळ, घाईघाईने.

ती जिवंत आहे. पाच दिवस.

झाकण उघडून हाक मारायला हवी होती. अनिलचा नंबर लावला. रिंग गेली. काय सांगणार होते? रस्ता फोड. का? खाली बाई आहे. मग पाहणी कोणी केली? सही कोणाची?

त्याने उचलायच्या आत मी फोन कापला. 

उद्या सांगेन. आधी नीट खात्री करते, मग सांगते. वाल्मिककाकांना आज दुसऱ्या टोकाला उभं केलं.

इथे हे लिहिताना मला माझी किळस येतेय, आणि तरी मी खोलीत बसून लिहितेच आहे.

२६ ऑक्टोबर

ठोके नाहीत. बारा, एक, दोन. पान्याने मी वाजवत राहिले. 

नाहीत.

मी मारलं तिला. सोमवारी चुकून, काल जाणूनबुजून.

२७ ऑक्टोबर

दुपारी जेवायला खोलीवर आले. कुलूप माझ्या हाताने उघडलं. खाटेमागच्या भिंतीवर हातभर पट्टा. पांढरा, ओला, ताज्या मातीचा वास. सारवताना बोटं फिरतात तशा कमानी. तीन रेघा सरळ आणि कडेची एक आकड्यासारखी वाकडी.

सकुबाईंना विचारलं, खोलीत कोण आलं होतं. म्हणाल्या, किल्ली त तुमच्याकडंच हाय.

२८ ऑक्टोबर

बाराला खोलीतच थांबले. काही दिसत नाही. फक्त ओल्या फडक्याचा आवाज, भिंतीवरून, सावकाश, आणि त्यामागून पांढरं उमटत जातं. ती काम नेटकं करते. कोपरेसुद्धा सोडत नाही.

एक भिंत पूर्ण. बोलल्याप्रमाणे देतेय करून.

ज्याने उचलला त्याच्या मागे —

२९ ऑक्टोबर

लडकू सणाला आला. खर्डीला जाऊन आला. तिथे ती गेलेलीच नाही. वाडी शोधतेय. विहिरी बघतायत. हिराबाई अंगणात बसून स्वतःला शिव्या देतात, मीच तिला बोलले, माझ्या तोंडाला आग लागो, म्हणतात. मी त्यांच्या शेजारी बसले. पाणी दिलं. सांगायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, येईल ती.

खोलीवर आले तर दुसरी भिंत —

३० ऑक्टोबर

तीन भिंती झाल्या. 

कोपरगावला पळून जाणार होते. एसटीत बसले. बसच्या काचेवर आतून ओलं फडकं फिरायला लागलं. कंडक्टरला दिसलं नाही. टोकावड्याला उतरले, चालत परत आले.

सगळं लिहिलं एका कागदावर. दगड, हाक, सही, ठोके. पंचवीस तारीख. खाली नाव. उद्या लडकूला देणार. नोकरी जाऊ दे, तुरुंगात टाकू दे — निदान तिला वर काढतील —

३१ ऑक्टोबर, बारा

दाराची भिंत. आतून. उंबऱ्यापासून वर चाललंय. मी खाटेवर. कागद मांडीवर.

मोठ्याने म्हटलं, सोमी, मी सांगते. आज सांगते, सगळ्यांना.

फडकं थांबलं. खरंच थांबलं. एवढंच हवं होतं तिला.

दारावर थाप. लडकू आहे, सकुबाई आहेत — पोलिसांत अर्ज द्यायचाय म्हणतात, शेवटची कुठे दिसली ते लिहायचंय — "मॅडम, तुमच्याकडं यायची ती, तुमाला काय ठावं हाय का" —

कडी हातात होती. कागद हातात होता. दार उघडलं. त्याचे डोळे सुजलेले.

मी कागद पाठीमागे धरला. नाही म्हणाले. मला काहीच माहीत नाही म्हणाले.

त्याने हात जोडले. तुमाला उगाच तरास, म्हणाला. दोघं वळले.

फडकं पुन्हा सुरू — भिंतीवर नाही — पायाला गार — घोट्यापासून वर, नीट, कोपरा न सोडता — ती वाकडी करंगळी मला कळतेय —

ते अजून अंगणात आहेत. आवाज येतोय. हाक मारता येईल. अजून येईल. लडकू, ती नऊ नंबरच्या खाली आहे, मी —

गळ्यापर्यंत — पानावर पांढरं येतंय, अक्षरं — हाक — मारते, आता मा